तेल खाणारे जिवाणू : शोधाची हकीकत आणि आपल्या शिवाराला त्याचा उपयोग



रायझोबियमचं पाकीट आता आपल्याला नवीन राहिलेलं नाही. हरभऱ्याच्या, तुरीच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून ते चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि पेरायचं, हे आपण करत आलो आहोत. हे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण मातीत जिवाणूंची दुसरीही एक जमात आहे आणि ती चक्क तेल खाते. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, खाणीतून निघालेलं कच्चं तेल, सगळं तिच्या खाण्यात येतं. ही जमात माणसाला कशी सापडली, जगात तिचा उपयोग कसकसा होत गेला, आणि तेल सांडलेल्या आपल्या जमिनीला तिच्यापासून काय घेता येईल, हे या पत्रिकेत क्रमाने सांगितले आहे.

हा विषय आपल्याला कशासाठी?

कोणी म्हणेल, तेलाच्या विहिरी इथं कुठं आहेत? खरं आहे, सोलापुरात तेल निघत नाही. पण ते आपल्याकडे येतं भरपूर. मोट गेली आणि विहिरीवर ऑइल इंजिन आलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात इंजिनाचा ठोका गावोगाव ऐकू येऊ लागला. इंजिनाबरोबर डिझेलचा पिंप आला, आणि तेल बदलताना निघणारं काळं जळकं ऑइलही आलं. जुन्या इंजिनघराच्या बाजूला हात-दोन हात जागा अशी दिसते की तिथं वर्षानुवर्षं गवताची काडी उगवत नाही. पुढं वीज आली, इंजिनं कमी झाली, पण ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जेसीबी वाढले.

दुसरी गोष्ट मोठ्या वाहतुकीची. मुंबईहून पुण्याला पेट्रोल-डिझेल आणणारी भूमिगत वाहिनी १९८५ साली सुरू झाली. नंतर ती वाढवून सोलापूरजवळ पाकणीपर्यंत आणली गेली. पाकणीच्या डेपोतून टँकर भरून चारी दिशांना जातात. वाहिनी शेतांखालून गेली आहे आणि टँकर शेतांच्या कडेने धावतात. टँकर उलटला तर तेल उताराने कोणाच्या तरी रानातच शिरणार. वाहिनीचं म्हणाल तर उदाहरण लांब नाही. २०२१ साली सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, सासवड गावच्या शिवारात, चोरांनी पेट्रोल काढण्यासाठी ही वाहिनी फोडण्याचा प्रयत्न केला. पेट्रोल जमिनीत मुरलं, जवळच्या विहिरींत उतरलं आणि पिकांचं नुकसान झालं. गुन्हा चोरांचा, पण भोगावं लागलं ते ज्यांची जमीन त्यांना.

अशा वेळी शेतकऱ्यापुढं एकच प्रश्न उभा राहतो. ही जमीन पुन्हा पिकेल का? त्याचं उत्तर या शोधाच्या हकीकतीत आहे.

गोबरगॅसच्या वायूपासून सुरुवात

तेल म्हणजे मुळात काय? लाखो-कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या बारीक जिवांचे आणि वनस्पतींचे अवशेष दाबाने आणि उष्णतेने बदलून त्याचं तेल झालं. म्हणजे तेल हा सेंद्रिय पदार्थच आहे. त्यात मुख्यतः कर्ब आणि हायड्रोजन असतो. जमिनीच्या भेगांतून काही ठिकाणी तेल आपोआप झिरपतं आणि हे युगानुयुगं चाललं आहे. असं असूनही पृथ्वी तेलानं माखलेली नाही. कारण ते खाऊन संपवणारं कोणीतरी इथं आधीपासून होतं.

ते कोण, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळू लागलं. हॉलंडमधले शास्त्रज्ञ सोंगेन यांनी १९०६ साली मिथेन वायूवर जगणारे जिवाणू दाखवून दिले. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच वायू. १९१३ साली त्यांनीच दाखवलं की पेट्रोल, रॉकेल, मेण यांवरही जिवाणू वाढतात. पुढे अमेरिकेतले झोबेल यांनी या विषयावरचं तोपर्यंतचं सगळं काम एकत्र करून १९४६ साली मांडलं. तेल खाऊ शकणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या सुमारे शंभर जाती तेव्हाच माहीत झाल्या होत्या. त्यांत जिवाणू होते, बुरशी होत्या. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सूक्ष्मजीव कुठल्या खास जागी नव्हते. साध्या शेतातल्या, बागेतल्या मातीतही ते सापडत होते, फक्त संख्येने थोडे.

पण त्या काळी या माहितीचा उपयोग करावा असं फारसं कोणाला वाटलं नाही. तेल स्वस्त होतं आणि सांडलं तर सांडलं, अशी वृत्ती होती.

साबणाने केलेला घोटाळा

१९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आदळून फुटलं. किनारे काळे झाले. घाईघाईने हजारो टन साबणासारखं द्रावण ओतून तेल धुण्याचा प्रयत्न झाला. तेल दिसेनासं झालं खरं, पण त्या द्रावणाने किनाऱ्यावरचे शिंपले, खेकडे, शेवाळ मेलं. जिथं हात लावला नव्हता ते किनारे आधी सुधारले आणि जिथं धुतलं होतं तिथं जीवसृष्टी परत यायला जास्त वर्षं लागली. रोगापेक्षा औषध जड झालं.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. डिझेल सांडलं की कपड्याची पावडर कालवून ओतायची सवय काही ठिकाणी आहे. त्याने तेल जात नाही, ते पाण्याबरोबर आणखी खोल जातं आणि मातीतले कामाचे जिवाणू मात्र मरतात.

हवा आणि खत दिलं, की काम सुरू

१९७२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अँब्लर या गावी भूमिगत वाहिनी गळून पेट्रोल जमिनीत मुरलं आणि भूजलात मिसळलं. पंपाने उपसता येईल तेवढं उपसलं, तरी मातीला चिकटलेलं राहिलंच. तिथं रेमंड नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. त्याने बाहेरून जिवाणू आणले नाहीत. विहिरींतून हवा सोडली आणि नत्र-स्फुरद विरघळवलेलं पाणी सोडलं. जमिनीतल्याच जिवाणूंची संख्या वाढली आणि त्यांनी पेट्रोल खायला सुरुवात केली. तेलाने बिघडलेली जमीन जिवाणूंकडून साफ करून घेण्याचं, धंदेवाईक पातळीवरचं हे पहिलं काम मानलं जातं.

नत्र-स्फुरद कशाला, असा प्रश्न पडेल. शेतकऱ्याला याचं उत्तर चटकन पटेल. न कुजलेलं काड किंवा उसाचं पाचट जमिनीत गाडून लगेच पेरणी केली तर पीक पिवळं पडतं, हे आपण पाहिलं आहे. काडात कर्ब भरपूर, नत्र थोडा. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. तेलात तर कर्बच कर्ब आहे, नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. म्हणजे जिवाणूपुढे भाकरीची चळत आहे, पण कालवण नाही. ते आपण दिलं की जेवण चालू होतं. साधारणपणे कर्बाच्या १०० भागांना नत्र १० आणि स्फुरद १ भाग, असं प्रमाण धरतात.

आपल्या माणसाचा जिवाणू

त्याच १९७२ साली अमेरिकेत आपल्याच देशातल्या एका माणसाने दुसरा प्रयोग पुढे आणला. पश्चिम बंगालमधल्या सैंथिया इथं १९३८ साली जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती तिथं जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधक होते. तेलातले निरनिराळे घटक खाणारे जिवाणू निरनिराळे असतात. कोणी एक घटक खातो, कोणी दुसरा. चक्रवर्तींनी चार प्रकारचे गुण एकाच स्युडोमोनास जातीच्या जिवाणूत आणले आणि त्याच्या हक्काचा, म्हणजे पेटंटचा, अर्ज केला. जिवंत वस्तूवर कोणाची मालकी असू शकते का, यावर वाद झाला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. माणसाने घडवलेल्या सजीवावर पेटंट मिळण्याचा रस्ता तिथून खुला झाला. पुढं बियाण्यांच्या मालकीचे जे वाद आपण ऐकतो, त्यांच्यामागे हा निकालही आहे.

मौज अशी, की कायद्याच्या जगात एवढा गाजलेला हा जिवाणू उघड्यावर तेल साफ करायला कधी वापरला गेलाच नाही. प्रयोगशाळेत घडवलेला जिवाणू मोकळ्यावर सोडायला मान्यता मिळणं अवघड होतं. शिवाय काचेच्या नळीत जोमदार असणारा जिवाणू रानातल्या मातीत, तिथल्या मूळ रहिवाशांपुढे टिकेलच असं नाही. परमुलखातलं वाण आपल्या जमिनीत फसतं आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी इथंच डौलाने उभी राहते, तसाच हा प्रकार.

अलास्काचा किनारा

या विद्येची मोठी परीक्षा झाली ती १९८९ साली. २४ मार्चला अलास्काजवळ एक्झॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांना तेल चिकटलं. तिथं प्रयोगासाठी काही पट्ट्यांवर नत्र-स्फुरदयुक्त खत फवारलं. दोन-तीन आठवड्यांत खत दिलेला पट्टा शेजारच्यापेक्षा उजळ दिसू लागला. मग शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर हे खत वापरलं गेलं. जिवाणू तिथलेच होते, त्यांना नुसतं खाद्य दिलं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरचे गोटे स्वच्छ झाले, तरी खालच्या थरात, जिथं हवा पोचत नाही, तिथं तेलाचे चिकट थर कित्येक वर्षांनंतरही सापडत राहिले. खत होतं, जिवाणू होते, हवा नव्हती. तेवढ्यावर काम अडलं.

आपल्या देशातलं काम

दिल्लीच्या टेरी या संस्थेत डॉ. बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. त्याला ऑइलझॅपर नाव दिलं. तेलाने बिघडलेल्या मातीतूनच जिवाणू निवडले, वाढवले, आणि दाणे काढून राहिलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळून पिशव्या भरल्या. म्हणजे आपल्या रायझोबियमच्या पाकिटाचाच हा भाऊ. तेल शुद्धीकरण कारखान्यांतला गाळ आणि तेलक्षेत्रांतली बिघडलेली जमीन यांवर तो वापरला गेला. २००७ साली ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली.

महाराष्ट्राला याची गरज २०१० साली भासली. ७ ऑगस्टला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडलं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरची खारफुटी काळी झाली, कोळी बांधवांची मासेमारी थांबली. किनारा साफ करण्याच्या कामात तेव्हा हे जिवाणूही वापरले गेले.

आता आपल्या मातीकडे

एवढ्या हकीकतीतून निघालेलं सार असं, की तेल संपवायला चार गोष्टी लागतात. जिवाणू, हवा, ओल आणि नत्र-स्फुरद. जिवाणू बहुधा मातीत असतातच. बाकीच्या तीन गोष्टी म्हणजे मशागत, पाणी आणि खत. हे तर शेतकऱ्याचं रोजचं काम!

आपल्या काळ्या जमिनीचे काही गुण-दोष ध्यानात ठेवावेत. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या वेळी सांडलेलं डिझेल भेगांतून सरळ खोल उतरतं, म्हणून उन्हाळ्यातली सांड जास्त वाईट. पावसाळ्यात जमीन चिबडली की हवा कोंडते आणि जिवाणू थंडावतात. पाऊस आपला जेमतेम ५०० ते ७०० मिलिमीटर, तेव्हा उरलेल्या दिवसांत कोरडेपणामुळे काम थांबतं. म्हणजे पिकाला लागतो तोच वाफसा जिवाणूलाही लागतो. ऊब मात्र आपल्याकडे पुरेशी आहे. अलास्काच्या थंडीत चाललेलं काम आपल्याकडे अधिक वेगाने चालावं.

थोडी सांड असेल तर

इंजिनाजवळ किंवा ट्रॅक्टरच्या जागेवर पाच-दहा लिटर डिझेल सांडलं, तर घरच्या घरी पुढीलप्रमाणे करावे.

१. आधी गळती बंद करा. भोवती मातीचा छोटा बांध घाला. तेल विहिरीकडे, ओढ्याकडे जाऊ देऊ नका. विडी-काडी लांब ठेवा.

२. साचलेलं तेल भुसा, तूस किंवा कोरड्या मातीने टिपून घ्या.

३. बिघडलेली माती वीतभर थरात मोकळी पसरा. तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं बारीक काड मिसळा. माती भुसभुशीत राहते आणि शेणखताबरोबर नवे जिवाणूही येतात.

४. खताचा हिशेब असा. १० लिटर डिझेलमध्ये सुमारे ७ किलो कर्ब असतो. त्याला सुमारे ७०० ग्रॅम नत्र, म्हणजे दीड किलो युरिया, आणि सुमारे १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागेल. युरिया एकदम टाकू नका. महिन्याच्या अंतराने तीन हप्त्यांत द्या आणि मातीत मिसळा. चुनखडीच्या जमिनीत वर पडलेला युरिया हवेत उडून जातो.

५. आठवड्याने एकदा माती खालीवर करा. वाफसा राहील इतपतच पाणी शिंपडा.

६. तीन-चार महिन्यांनी पेरून पाहा. एका कुंडीत ही माती, दुसरीत चांगली माती घ्या. दोन्हींत ज्वारीचे वीस-वीस दाणे टाका. उगवण आणि रोपांची वाढ सारखी दिसली तर काम बरंचसं झालं असं समजा. कमी दिसली तर मशागत चालू ठेवा. पहिल्या खेपेला ताग किंवा धैंचा घ्यावा आणि जनावरांना घालू नये.

जळक्या ऑइलची गोष्ट वेगळी. त्यात जड घटक असतात, ते जिवाणूंना सावकाश पचतात. शिवाय इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात आणि धातू कुठलाच जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. म्हणून जळकं ऑइल जमिनीवर ओतूच नये. डब्यात साठवावे आणि परवानाधारक संकलकाकडेच द्यावे.

मोठी सांड झाली तर

टँकर उलटला किंवा वाहिनी फुटली, तर ते एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हे. डबे-घागरी घेऊन तेल भरायला धावू नका, त्यात जीव जातात. लांब राहा. पोलीस, तहसील कार्यालय आणि वाहिनीच्या खुणेच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर ताबडतोब कळवा. विहिरीच्या पाण्याला वास आला किंवा तवंग दिसला तर ते पिणं, जनावरांना पाजणं आणि मोटार चालू करणं तिन्ही थांबवा. बंद विहिरीत पेट्रोलची वाफ साठलेली असते, मोटारीची ठिणगीही पुरते. विहिरीत उतरायचं तर नावच काढू नका.

पंचनामा होईपर्यंत माती हलवू नका. पिकाचं, मातीचं, पाण्याचं नुकसान त्यात नोंदवून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नमुने घेतले जावेत असा अर्ज द्या. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षार आणि अन्नद्रव्यं कळतात, तेल कळत नाही. तेलाची तपासणी वेगळी सांगावी लागते. वाहिनीखालच्या जमिनीबाबत १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते, वाहिनी टाकण्याचा व वापरण्याचा हक्क तेवढा घेतला जातो. त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, झाड मात्र करता येत नाही. आपले कागद जपून ठेवा.

साफसफाई ठरवताना एक आग्रह धरा. वरची माती खरवडून कुठंतरी नेऊन टाकणं, हा कंत्राटदाराला सोपा मार्ग वाटतो. पण फूटभर काळी माती तयार व्हायला शेकडो-हजारो वर्षं लागतात, आणि ती उचलून ओढ्याकाठी टाकली तर दुसऱ्याचं शिवार बिघडतं. जिथं शक्य आहे तिथं जागेवरच, जिवाणूंच्या मदतीने, तपासण्या करत जमीन सुधारावी अशी मागणी करा. त्याला काही महिने, कधी एक-दोन वर्षं लागतील, आणि तेवढ्या हंगामांची भरपाईही मागा. अन्नधान्याचं पीक प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच घ्या.

शेवटी एक सावधगिरी. आठ दिवसांत तेल गायब करणारी पावडर म्हणून कोणी पुडी विकायला आला, तर पैसे देऊ नका. जिवाणू आपलं काम करतात, पण त्यांना त्यांचा वेळ लागतो. हवा, वाफसा आणि खत नसेल तर महागातली पुडीही मातीमोल. ते असेल, तर आपल्या मातीतला बिननावाचा जिवाणूही काम करून दाखवतो.

शंका असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. ही पत्रिका इंजिनघरात किंवा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये अडकवून ठेवावी. रामराम.